कराचे गाव कोणते?

मुहर्रक बेटाच्या आग्नेय टोकाला, जेथे जमीन चिंचोळी होत समुद्रात शिरते, तेथे हिद्द हे गाव वसले आहे. एके काळी मोती काढणाऱ्यांचे आणि मासेमारी करणाऱ्यांचे हे गाव. १९७७ साली तेथे जहाजदुरुस्तीची मोठी गोदी सुरू झाली, २००९ साली खलिफा बिन सलमान बंदर चालू झाले, आणि त्यांच्या आधाराने बहरीनमध्ये आलेल्या नानादेशच्या नोकरदारांत आपल्या रायगड-रत्नागिरीकडील कुटुंबेही होती. गावाचे नाव प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस आपल्या मराठीतील ‘हद्द’ हा शब्द आठवला. तो शब्दही मुळात अरबीतूनच आपल्याकडे आलेला. दोन्ही शब्दांचे नाते काय ते भाषापंडित जाणोत. आमच्यापुरते ते नाव सार्थ ठरले, कारण आमची तेथील कितीएक वर्षे लोकांच्या हद्दी मोजण्यातच गेली.

आम्ही उभयतांनी हिद्दमध्ये सोळा वर्षे काढली. हिशेबाच्या कामात जन्म गेलेला असल्याने शेजारीपाजारी कागद घेऊन आमच्याकडे येत. आरंभी ते कागद गावाकडील घरपट्टीचे, बँकेतील ठेवींचे असत. पुढे मुले मोठी झाली, शिकावयास अमेरिकेस, इंग्लंडास, कॅनडास जाऊ लागली, आणि मग जे कागद येऊ लागले त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावरची जागाच व्यापून टाकली.

बहरीनमध्ये पगारावर आयकर नाही. परदेशी नोकराच्या पगारातून बेरोजगारी विम्यापोटी शेकडा एक कापला जातो, इतकेच. २०१९ पासून खरेदीवर मूल्यवर्धित कर आला, तो पाच टक्के होता तो २०२२ मध्ये दहा झाला, त्यावर बायकामंडळींनी पुष्कळ टीका केली. परंतु वर्षअखेर विवरणपत्र भरणे हा प्रकार तेथे वाढलेल्या मुलांनी पाहिलेलाच नसतो. असे मूल अमेरिकेत जाते, विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासावर काम करते, पहिला पगार हाती येतो आणि त्यातून काहीतरी कापलेले दिसते. मग घरी फोन येतो. बापास उत्तर ठाऊक नसते, कारण त्याचाही संसार करावाचून झालेला असतो.

जून २०२३ मध्ये आमच्याच इमारतीतील दोन मुले एका महिन्याच्या अंतराने शिक्षण संपवून अमेरिकेहून परत आली. दोघांचे पासपोर्ट भारताचे, दोघांची गावे अलिबाग तालुक्यातली, दोघे टेक्सास राज्यातच शिकलेले, आणि दोघांनीही वर्षाच्या मध्यावर तो देश सोडलेला. फरक एवढाच की मुलगी बारावीपर्यंत बहरीनच्या शाळेत शिकून ऑगस्ट २०१९ मध्ये थेट अमेरिकेस गेली होती. मुलगा मात्र दहावीनंतर पुण्यास गेला, तेथे अकरावी, बारावी व अभियांत्रिकी पुरी करून ऑगस्ट २०२१ मध्ये पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. हा फरक कोणी फरक म्हणून धरलाच नव्हता.

अमेरिकेचा नियम प्रथम सांगतो. विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर राहणाऱ्याचे पहिल्या पाच पंचांगवर्षांतील दिवस तेथील महसूल खाते मोजत नाही. डिसेंबरात एक दिवस राहिला तरी ते वर्ष पुरे धरले जाते. तोपर्यंत तो करापुरता अनिवासी, आणि वर्षाच्या मध्यावर निघून गेला तरी सबंध वर्षाचा अनिवासीच. त्याने पुढील वर्षी १०४०-एनआर नावाचे विवरणपत्र भरावे, सोबत ८८४३ क्रमांकाचा फॉर्म जोडावा. कमाई एक डॉलरही नसली तरी हा दुसरा फॉर्म चुकत नाही. येथवर दोघांचे सारखेच.

पुढे वाट फुटते. अमेरिकेच्या निवाशास आपल्या कमाईतून एक ठरावीक रक्कम करमुक्त म्हणून वगळता येते. २०२२ सालासाठी ती एकट्या माणसास १२,९५० डॉलर होती. अनिवाशास ती मिळत नाही. परंतु भारत आणि अमेरिका यांच्यात १२ सप्टेंबर १९८९ रोजी जो करविषयक करार झाला, त्याच्या एकविसाव्या कलमाने भारतातून आलेल्या विद्यार्थ्यास ही वजावट मिळवून दिली आहे. अमेरिकेने इतके उदार कलम फार थोड्या देशांस दिलेले आहे, आणि भारतीय विद्यार्थ्यांत ते चांगले परिचितही आहे. त्या मुलीचे विवरणपत्र ज्याने भरून दिले त्या गृहस्थाने पासपोर्ट पाहिला, भारत हे नाव वाचले, आणि कलम लावून टाकले. २०२१ मध्ये तिने ४,००० डॉलर मिळवले होते, २०२२ मध्ये ६,०००. कर शून्य.

आम्ही कलम काढून वाचले. त्यात ‘भारताचा नागरिक’ असे शब्द नाहीत. अमेरिकेत येण्याच्या लगतपूर्वी जो भारताचा निवासी होता, अशा विद्यार्थ्यास ती सवलत आहे. मुलगा पुण्याहून गेला होता. त्याला ती लागू. मुलगी हिद्दहून गेली होती. ती दरवर्षी सुटीत महिनाभर रेवदंड्यास आजीकडे राही, पण महिनाभराच्या आंब्याफणसांनी कोणी करनिवासी होत नाही. बहरीनचा आणि अमेरिकेचा असा आयकराचा करारच नाही. तेव्हा तिला कोणतीच वजावट नव्हती. टेक्सासात राज्याचा वेगळा आयकर नसल्याने हिशेब सोपा होता: पहिल्या डॉलरपासून शेकडा दहा. दोन वर्षांचे मिळून १,००० डॉलर, म्हणजे ३७६ दिनार, शिवाय व्याज.

तिच्या वडिलांना हे अतिशय लागले. पैशापेक्षा अधिक त्यामागील अर्थ लागला. ते म्हणाले, “पासपोर्ट भारताचा, जातीचा दाखला भारताचा, मत द्यायला मी गावी जातो. आणि माझी मुलगी भारताची नव्हे, तर कोणाची?” आम्ही म्हटले, मुलगी भारताचीच आहे, प्रश्न फक्त ती कोठून निघाली एवढाच आहे. ते म्हणाले, कोण बघायला येणार आहे, विवरणपत्र स्वीकारले गेले आहे, ती देश सोडून आलीही आहे. व्यवहारात पाहता त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. असे किती अर्ज रोज तसेच पुढे जात असतील.

निर्णय मुलीनेच केला. “काका, मला पुन्हा व्हिसा मागायचा आहे. त्या वेळी कोणी विचारले तर मला खोटे बोलता येत नाही, आणि खरे बोलायचे तर आधी भरलेले बरे.” इतकेच बोलून तिने १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म उघडला. दोन्ही वर्षांचे दुरुस्त विवरणपत्र तिने स्वतः लिहिले, आम्ही फक्त शेजारी बसून होतो. व्याजाचा आकडा पुढे पत्राने आला, तो तिने नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून भरला. वडिलांनी त्या विषयावर आमच्याशी पुष्कळ दिवस अबोला धरला.

एका अर्थी ती मुलगी २०२३ मध्ये कोणाचीच नव्हती. अमेरिकेच्या लेखी अनिवासी, भारताच्या लेखी अनिवासी, आणि ज्या बहरीनचे सीपीआर कार्ड तिच्या पाकिटात होते त्या देशाला तिच्याकडून आयकर नकोच होता. निवासाचे दाखले तीन देशांत, आणि कराचे गाव एकही नाही. आखातात वाढलेल्या आपल्या मुलांची ही स्थिती आहे, आणि तिचा लाभ जसा होतो तसा तोटाही सोसावा लागतो.

आता मुलाचे पाहू. अमेरिकेत त्याचे सगळे सुरळीत. भारतात मात्र त्याच्या मागे काम लागले. तेथील वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. १९६१ च्या आयकर कायद्याचे सहावे कलम सांगते की वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला निवासी. तसेच ६० दिवस राहिलेला व मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस राहिलेला, तोही निवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकास त्या वर्षी ६० च्या जागी १८२ दिवसांची मुभा दिली आहे. शिकावयास जाणाऱ्याचे नाव तेथे घेतलेले नाही. मुलगा ऑगस्ट २०२१ मध्ये निघाला तोवर एप्रिलपासून त्याचे चार महिन्यांहून अधिक दिवस पुण्यात झाले होते, आणि आधीची चार वर्षे तर तो तेथेच होता. म्हणजे २०२१-२२ या सबंध वर्षी, मार्च २०२२ पर्यंत, तो टेक्सासात बसून भारताचा निवासी होता! गंमत पुढे आहे. परकीय चलनाच्या कायद्यासाठी रिझर्व्ह बँकेने ८ डिसेंबर २००३ च्या परिपत्रकाने परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अनिवासी ठरवले आहे. एकाच मुलाला एकाच दिवशी एक सरकारी खाते बाहेरचा मानते आणि दुसरे घरचा. आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

परतीच्या वेळी पुन्हा तेच. तो जून २०२३ मध्ये थोडे दिवस हिद्दला राहून पुण्यास नोकरीवर गेला, म्हणून २०२३-२४ मध्ये निवासी झाला. इंग्लंडमध्ये २०१३ पासून अशा वर्षाचे दोन तुकडे करण्याची सोय कायद्यातच केलेली आहे. (त्यांचे वर्ष ६ एप्रिलला का सुरू होते असे आम्हांस एकाने विचारले होते. १७५२ साली त्यांनी पंचांग बदलले तेव्हा अकरा दिवस गळाले, त्या हिशेबाची ती खूण आहे.) भारतात वर्ष कापता येत नाही. एकदा निवासी ठरला की १ एप्रिलपासून निवासी. त्यामुळे एप्रिल-मे २०२३ मध्ये त्याने टेक्सासात मिळवलेले वेतन भारताच्या विवरणपत्रात दाखवावे लागले. मागील सात वर्षांत तो ७२९ दिवसांहून कितीतरी अधिक काळ भारतात राहिला होता, म्हणून त्याला कोणतीही सूट नव्हती. अमेरिकेतील बँकेचे खातेसुद्धा परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहावे लागते. त्यात दोन हजार डॉलर असोत की दोन लाख; मोठ्या शिलकेचे खाते लिहिले नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाख रुपयांपर्यंतच्या खात्यांना या दंडातून वगळले, ते योग्यच झाले. २०२१-२२ चे काय करावे यासाठी आम्ही त्यास पुण्यातील सनदी लेखापालाकडे धाडले. ते आमच्या टेबलावरचे काम नव्हते.

मुलीचे कुटुंब त्याच वर्षी कायमचे गावी परतले. वडिलांनी २ ऑक्टोबर २०२३ चे तिकीट काढले होते. कोणीतरी सांगितले की २ तारखेला उतरलात तर मार्चअखेर १८२ दिवस भरतात, कारण २०२४ च्या फेब्रुवारीस २९ दिवस होते. तेव्हा त्यांनी जादा पैसे भरून तिकीट ३ तारखेचे केले. येण्याचा दिवसही मोजावा म्हणजे वाद राहत नाही, हे खरे. परंतु त्यांच्यासारख्या, आखातात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसास या एका दिवसाने विशेष काही साधत नव्हते. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, तो परतल्यावर निवासी झाला तरी ‘सामान्य निवासी’ होत नाही, आणि त्याच्या बहरीनमधील पगारावर भारत कर घेत नाही. तो एक दिवस खरोखर ज्याला तारतो तो निराळा: चार-पाच वर्षांसाठी गेलेला तरुण. त्याची मागील सात वर्षे निम्मीशिम्मी भारतातली असतात. तो सप्टेंबरात परतला तर एप्रिलपासूनचा बहरीनचा पगारही भारताच्या दराने करपात्र होतो. बहरीनशी भारताने २०१२ मध्ये जो करार केला तो माहितीच्या देवाणघेवाणीचा, दुहेरी कर टाळण्याचा नव्हे. आणि तेथे कर भरलेलाच नसल्याने वळता करून घ्यावयास काही नसते. आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे असे झाले. त्याने तिकीट बदलले नव्हते.

आखातातील लोकांस या विषयाची खरी धडकी भरली ती १ फेब्रुवारी २०२० रोजी. ज्या भारतीय नागरिकावर कोठेच कर नाही त्यास भारताचा निवासी मानावे, असे त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात होते. त्या रात्री हिद्दमध्ये आमचा दूरध्वनी थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने खुलासा केला की आखातातील कामगाराच्या पगाराकडे त्यांचा डोळा नाही. आणि कायदा झाला तेव्हा भारतातून पंधरा लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यापुरताच तो राहिला. विद्यार्थ्याला तो क्वचितच शिवतो. ज्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, त्या २०२५ च्या कायद्यातही दिवसांचे हे गणित तसेच ठेवले आहे.

अमेरिकेत शिक्षणानंतर कामाचे प्रशिक्षण म्हणून आणखी वर्ष-दोन वर्षे राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. त्या मुलीची पाच पंचांगवर्षे २०१९ ते २०२३ अशी भरली. ती राहिली असती तर १ जानेवारी २०२४ पासून तिचे दिवस मोजण्यास आरंभ झाला असता, आणि १८३ वा दिवस भरताच ती अमेरिकेची निवासी झाली असती. २०२४ मध्ये तो दिवस १ जुलै हा होता. लीप वर्ष नसेल तर २ जुलै. त्यानंतर वर्षाच्या मध्यावर देश सोडणाऱ्याचे वर्ष दुभंगते: जाण्याच्या दिवसापर्यंत निवासी, पुढे अनिवासी. परंतु ते आपोआप होत नाही. आपला संसार, नोकरी, घर आता दुसऱ्या देशात आहे हे दाखवून, निघण्याची तारीख लिहिलेले निवेदन विवरणपत्रासोबत द्यावे लागते. न दिल्यास ३१ डिसेंबरपर्यंत निवासी धरले जाण्याचा धोका असतो, आणि निवाशाची जगभरची कमाई करास पात्र असते.

आणि निघताना बँकेचे खाते बंद करण्याची घाई करू नये. वेतनाचा डब्ल्यू-२ हा दाखला पुढील जानेवारीत निघतो, तोही बहुधा सोडलेल्या खोलीच्या पत्त्यावर. विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत जावयाचे, कापलेला जादा कर परत येतो तो त्यानंतर. आमच्या इमारतीत असा एक धनादेश इमारत, रोड, ब्लॉक सर्व बिनचूक लिहून आला होता. घेणारे कुटुंब तोवर हिद्द सोडून गेले होते.

या पत्रिकेच्या वाचकांची मुलेही आज देशोदेशी शिकतात, म्हणून इस्राएलबद्दल दोन शब्द. तेथे पहिला प्रश्न ‘जीवनाचे केंद्र कोठे’ हा असतो: कुटुंब, घर, व्यवसाय कोठे आहेत. दिवसांची गणती त्याच्या साहाय्यास येते. वर्षात १८३ दिवस, अथवा त्या वर्षात ३० व मागील दोन वर्षांसह ४२५ दिवस झाले तर केंद्र तेथेच आहे असे गृहीत धरतात, आणि ते गृहीत खोडूनही काढता येते. आईबापांच्या घरी खोली तशीच ठेवून शिकावयास गेलेले मूल दिवस कमी भरले म्हणून लगेच अनिवासी होते असे समजू नये. अमेरिकेशी इस्राएलचा जो करार १९७५ साली होऊन १९९५ पासून अंमलात आला, त्यात विद्यार्थ्याच्या वेतनातील वर्षास ३,००० डॉलरपर्यंतची रक्कम पाच वर्षे करमुक्त आहे. भारताच्या कराराइतका तो उदार नाही. पण येथेही घरच्या कपाटात जन्मगावचा कागद कोणत्या देशाचा आहे, याला महत्त्व नाही. मुंबईहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबातील मुलगा लोदहून अमेरिकेस गेला तर तो इस्राएलच्या करारात बसतो, आणि त्याचा मुंबईत राहिलेला चुलतभाऊ भारताच्या.

त्या मुलीस एक धाकटा भाऊ आहे. कुटुंब परतले तेव्हा तो अकरावीत होता. अलिबागेस राहून त्याने बारावी केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तोही टेक्सासास गेला. निघतेवेळी तो भारताचा निवासी होता. बहिणीस जी वजावट नव्हती ती त्यास आहे. एकाच आईबापांची, एकाच पासपोर्टची ही दोन मुले. वडिलांनी त्याच्या फाईलमध्ये कॉलेजचा दाखला, पासपोर्टवरील शिक्क्यांच्या छायाप्रती आणि एकविसाव्या कलमाची प्रत स्वतः लावून दिली, आणि तसे आम्हांस पत्राने कळवले. अबोला त्या पत्राने संपला. मुलाचे शिक्षण २०२९ च्या मे महिन्यात संपेल, ते त्याचे पाचवे पंचांगवर्ष असेल. परतीचे तिकीट मात्र तू काढायचे नाहीस, मी काढणार, असे बहिणीने त्यास आताच बजावून ठेवले आहे.